पट्टेदार वेडे

वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसं सगळ्यांना ठाऊक आहेत. ती आतून पक्की शहाणी असतात, वेडाची फक्त घोंगडी घेतलेली असते. मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ते घोंगडीवाले नव्हेत. ते खरोखर वेडे आहेत, कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. तेलंगणातल्या निर्मल गावाच्या आसपास जी सावली उरली आहे, तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. म्हणून ही त्यांची स्तुती.

सुरुवात घरातूनच करतो. निर्मलहून भैंशाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझ्या मामांची सव्वा एकर जमीन आहे. तिच्या तीन बाजूंना वेंचर पडले आहेत. आमच्याकडे लेआउटला वेंचर म्हणतात, तेलुगूतही आणि मराठीतही. वेंचर म्हटला की रस्त्याच्या तोंडाशी कमान, आत मुरमाचे सरळ रस्ते, पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे दगड आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. पाच वर्षांपूर्वी तिथे सोयाबीन होतं, मका होता, बांधावर पळस होते. आता दगड आहेत. मधोमध मामांचा तुकडा तेवढा तसाच राहिला आहे: एक मोठी चिंच, दोन मोह, कडुनिंब, बोरी, सीताफळाची झुडपं, पलीकडच्या कडेला कुणीही न लावलेली दाट झाळी. उन्हाळ्यात दुपारी तिथे उभं राहिलं तर बाहेरची हवा आणि आतली हवा यांतला फरक कपाळाला कळतो.

मागच्या वैशाखात मी तिथे असताना एक दलाल आला. चांगला पोरगा होता, बोलायला गोड. गाडी चिंचेखाली लावून म्हणाला, "पटेल, आज भाव नाही सांगत. नुसता हिशेब सांगतो, ऐका." इकडे प्लॉट गजावर विकला जातो. एकरात ४,८४० गज, म्हणजे सव्वा एकरात ६,०५०. रस्ते-गटारं सोडली तरी दोन-दोनशे गजांचे पंधरा-सोळा प्लॉट. त्यानं फोनवर आकडे मांडून दाखवले. मामांनी ते नीट पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." हिशेब चुकीचा आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पोरगा पुढच्या बोलण्याची वाट पाहत बसला, मामाही बसले. अर्ध्या तासानं दोघं पाऊस आणि पोराच्या बहिणीचं लग्न यांवर बोलत होते.

जाताना मी त्या पोराला विचारलं, गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायला आणतोस तेव्हा उभं कुठं करतोस? तो म्हणाला, "इथंच. दुसरीकडं ऊन लागतंय."

त्या वेंचरच्या छापील कागदावर हिरव्या रंगाचा एक चौकोन आहे, त्यावर पार्क असं लिहिलंय. तिथे आज काटेरी तारेचं कुंपण आणि वाळलेली चार रोपं आहेत. त्या वेंचरचं खरं झाड मामांच्या हद्दीत उभं आहे. प्लॉट घेणाऱ्याला ते हवं आहे, दलालाला हवं आहे, त्या रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या पोरांना हवं आहे, आणि त्याची किंमत एकटे मामा मोजतात. न घेतलेल्या पैशाच्या रूपानं, दर वर्षी, व्याजासकट. हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. शहाणा माणूस आपल्या सावलीत दुसऱ्याला फुकट बसू देण्यासाठी पंधरा प्लॉट सोडत नाही.

तेलुगूत वेड्याला 'पिच्चोडु' म्हणतात. तेलंगणात हा शब्द झाडं लावणाऱ्याला फार लवकर चिकटतो. खम्मम जिल्ह्यातल्या रेड्डिपल्लीचे दरिपल्ली रामय्या सायकलला रोपं बांधून, खिशात बिया भरून रस्त्याकडेनं लावत हिंडायचे. 'वृक्षो रक्षति रक्षितः' अशी पाटी अंगावर मिरवायचे. लोकांनी आधी पिच्चोडु म्हटलं, मग 'वनजीवी' म्हटलं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. सूर्यापेट जिल्ह्यातल्या राघवापुरमचे दुशर्ला सत्यनारायण यांनी तर वडिलोपार्जित सत्तर एकरांत रान वाढू दिलं. बँकेतली नोकरी सोडून नलगोंड्याच्या फ्लोराइडच्या पाण्यासाठी लढलेला हा माणूस. त्या सत्तर एकरांतलं फळ बाजारात जात नाही, पाखरांना जातं. सत्तर एकर आणि सव्वा एकर यांची तुलना करत नाही, पण रोग एकच आहे.

आता सरकारच्या हिरवाईबद्दल. मी तिची कुचेष्टा करणार नाही, कारण तिच्यात आमच्या गावच्या बायकांचे हात आहेत. ३ जुलै २०१५ ला 'तेलंगाणकु हरितहारम्' सुरू झाला. २३० कोटी रोपं, राज्यातलं वृक्षाच्छादन २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर न्यायचं, असं उद्दिष्ट. गावोगावी रोपवाटिका झाल्या. उन्हात बसून काळ्या पिशव्यांत माती भरणाऱ्या बायांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. २०१९ च्या नगरपालिका कायद्यानं शहरांच्या अंदाजपत्रकातला दहावा हिस्सा हिरवाईसाठी राखून ठेवायला लावला. इतक्या गांभीर्यानं झाडाचा विचार करणारी सरकारं फार नाहीत. चुकाही झाल्या. रस्त्यांच्या दुभाजकांवर कोनोकार्पस लावत सुटले, लवकर हिरवं दिसतं म्हणून. मग २०२२ मध्ये सरकारनंच ते लावणं थांबवलं.

पण या सगळ्यात क्रियापद एकच होतं: लावणं. लावलेलं मोजता येतं, फोटो काढता येतो, कुणाच्या हातून लावलं ते सांगता येतं. मामांच्या चिंचेला हे लागू पडत नाही. ती कुणी लावली असं विचारलं तर ते म्हणतात, "कुणी नाही. आपली आपण आली. माझ्या आज्यानं फक्त तोडली नाही." आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे, राखणं. रान राखतात, गुरं राखतात, शब्द राखतात. देवराई ही लावलेली नसते, राखलेली असते. राखण्याचं उद्घाटन करता येत नाही. न तोडलेल्या झाडाचा आकडा कुठल्या तक्त्यात भरायचा? आज्यानं नाही तोडली, वडिलांनी नाही तोडली, मामांनी नाही तोडली. तीन पिढ्यांनी काहीच केलं नाही, आणि त्यातून शंभर माणसांना पुरेल एवढी सावली झाली.

निर्मल हे मुळात राखलेलंच गाव आहे. गावाभोवती एकातून दुसऱ्यात पाणी सोडणाऱ्या तळ्यांची साखळी आहे. तेलुगूत 'गोलुसुकट्टू चेरुवुलु'. त्यातलं धर्मसागर तर भर गावात. किल्ले आहेत, जुने बुरूज आहेत. आणि आठवणीत एक वड आहे. १८६० मध्ये रामजी गोंडाला आणि त्याच्या साथीदारांना इंग्रजांनी इथे फाशी दिली. एका वडावर हजार जणांना लटकवलं असं गाव सांगतं, म्हणून त्याचं नाव 'वेय्यि उरुल मर्री', हजार फासांचा वड. तो वड पुढे वादळात पडला. झाड गेलं तरी लोक जागा दाखवतात. इतकं मोठं झाड मनात बाळगणाऱ्या गावात तळ्याची कड मात्र दर वर्षी थोडी आत सरकते. आधी मुरूम पडतो, मग एक टपरी, मग भिंत. तळ्याला पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, नसतो, त्यामुळे तळं भांडत नाही.

पट्टा असलेले भांडले, ते आठवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्मलच्या मास्टर प्लॅनच्या मसुद्यावरून आंदोलन पेटलं होतं. आपली शेती नकाशात कुठल्या रंगात गेली हे बघायला माणसं धावली. मामाही गेले होते. ते सांगतात, सगळे आपापला सर्व्हे नंबर शोधत होते, आणि हा रंग लागला तर भाव वाढेल की पडेल हे एकमेकांना विचारत होते. मामांनी विचारलं, झाडाचा रंग कुठला? नकाशा दाखवणाऱ्याला प्रश्न कळला नाही. त्याची काही चूक नव्हती. शेती, वस्ती, कारखाना, रस्ता, सगळ्यांना रंग असतात. 'पट्टेदाराच्या हट्टामुळे उरलेलं रान' असा रंग नगररचनेत नाही.

कायद्यातही त्याला जागा नाही, आणि हे मला जास्त लागतं. सरकारच्या रैतु भरोसा योजनेचे एकरी वर्षाला १२,००० रुपये लागवडीयोग्य जमिनीला मिळतात. झाळी राखलेल्या तुकड्याला लागवड म्हणायचं की नाही, या प्रश्नावर मामांच्या दोन दुपारी कचेरीत गेल्या. दुसरीकडे २००२ चा 'वाल्टा' आहे, पाणी, जमीन आणि झाडं यांचा कायदा. खासगी जमिनीतलं झाड तोडायलाही त्यात परवानगी लागते. हेतू चांगला आहे. पण आदिलाबादचा साग ज्या मातीत आपसूक उगवतो, तिथल्या शेतकऱ्यानं यातून एक धडा घेतला: बांधावर सागाचं रोप दिसलं की बोटभर असतानाच उपटून टाकायचं. मोठं झालं तर ते आपलं राहत नाही. झाड वाचवणाऱ्या नियमानं रोप मारलं जातं, आणि उपटणारा माणूस काही दुष्ट नसतो, तो फक्त शहाणा असतो.

बाहेर याचा विचार झालेला आहे. न्यूझीलंडमध्ये १९७७ पासून राणी एलिझाबेथच्या नावाचा एक न्यास आहे. शेतकरी आपल्या जमिनीतला रानाचा तुकडा करारानं कायमचा बांधून देऊ शकतो. जमीन त्याचीच राहते, विकलीही जाते, पण घेणाऱ्यालाही तो करार पाळावा लागतो. अमेरिकेत असा करार करणाऱ्याला करात सूट मिळते. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं 'सामुदायिक राखीव क्षेत्र' आलं, त्यात एकट्या माणसानं स्वखुशीनं दिलेली खासगी जमीनही बसते. पण ती समिती, तो व्यवस्थापन आराखडा, हा सगळा संसार सव्वा एकराच्या चिंचेसाठी कोण मांडणार? कोकणात संगमेश्वरकडे पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशननं वेगळी वाट काढली. रान तोडीच्या ठेकेदाराला देण्याऐवजी राखावं म्हणून मालकांशी आणि गावांशी करार केले, राखण्याला मोबदला दिला. तिथे वेडाला थोडा आधार मिळाला. आमच्या बाजूला वेडा एकटाच असतो.

एकटा आणि शेजाऱ्यांच्या रागाचा धनी. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर स्तुती खोटी होईल. मामांच्या झाळीत रानडुकरं थांबतात. रात्री निघून पलीकडच्या मक्यात घुसतात. तो मका ज्याचा आहे त्याला अडीच एकर शेत, दोन मुली आणि सोसायटीचं कर्ज आहे. तो मागच्या सालाला बांधावर येऊन मोठ्यानं बोलला, "मामा, तुमचं पुण्य आमच्या कणसांवर चाललंय." मामांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी त्या हंगामात दोन पोती मका त्याच्या घरी नेऊन टाकला. हा उपाय नव्हे, त्यांनाही माहीत आहे. रान राखणाऱ्याचा खर्च त्याच्या हद्दीत थांबत नाही, तो बांध ओलांडून शेजाऱ्याच्या ताटात जातो. त्या शेजाऱ्याला भरपाई वेळेवर मिळाली असती, तर मामांचं वेड त्याला परवडलं असतं.

अशा तुकड्यांचा उपयोग काय, असं माझा मामेभाऊ विचारतो. तो हैदराबादला नोकरीला आहे, घराचं कर्ज फेडतो आहे. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि बापानंतर तो जमीन विकेल हे मामांनाही ठाऊक आहे. मी त्याला उत्तर म्हणून एका वाघाची गोष्ट सांगतो.

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक नर वाघ किनवटच्या बाजूनं आदिलाबाद आणि निर्मल जिल्ह्यांत उतरला. वर्तमानपत्रांत त्याचं नाव जॉनी असं आलं. जोडीदाराच्या शोधात निघालाय, असं वनखात्याचं म्हणणं होतं. कुंताला, सारंगापूर, मामडा, पेंबी असा तो निर्मल जिल्ह्यातून फिरला, हैदराबाद–नागपूर महामार्ग ओलांडला, वाटेत काही गुरंही मारली. भैंशाच्या बाजारात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कापसाची वेचणी चालू होती, बायका शेतात जायला तयार होईनात. ती भीती खरी होती.

त्या भीतीबरोबर मला दुसरंही दिसत होतं. टिपेश्वरचं अभयारण्य, किनवटचं रान आणि कवालचा व्याघ्रप्रकल्प यांच्या मध्ये सलग जंगल नाही. मध्ये कापूस आहे, सोयाबीन आहे, गावं आहेत, आणि तुकड्यातुकड्यांनी रान आहे. काही वनखात्याचं, काही पट्ट्याचं. वाघ दिवसा कुठेतरी पडून राहिला असणार. ओढ्याकाठची झाळी, न नांगरलेला माळ, कुणीतरी न विकलेला कोपरा. कवालच्या गाभ्यात जंगल मोकळं करण्यासाठी रामपूर आणि मैसमपेट ही दोन आदिवासी गावं उठली, माणसांनी आपली घरं, आपले देव सोडले, कडेमजवळ नवी वस्ती केली. एवढी किंमत मोजून गाभा राखायचा आणि गाभ्याकडे येणारी वाट मात्र गजावर विकायची, याला काय म्हणावं? वाघाला पट्टेदार म्हणतात. तो आमच्या पट्टेदारांच्या भरवशावर चालत होता, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

मामेभाऊ हे सगळं ऐकून घेतो. मग म्हणतो, "खरं आहे, दादा. पण हप्ता माझा मी भरतो." त्यावर मीही गप्प होतो.

मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचं सर्वांत मोठं वेड मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे: पोनिकी. निर्मलची खेळणी ज्या लाकडातून होतात ते हे झाड. लाकूड इतकं हलकं आणि मऊ की सुरीनं कोरता येतं, वाळलं की आणखी हलकं होतं. नकाश घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडाची फळं, पाखरं, जनावरं केली. १९५५ मध्ये कारागिरांची सहकारी संस्था झाली, निर्मलचं नाव देशभर गेलं, आणि पोनिकी मात्र जंगलातून ओसरत गेली. कारागिराला लाकडासाठी वनखात्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. शेतात पोनिकी कुणी लावत नाही, कारण बी टणक कवचाचं, सहजी रुजत नाही. रुजलं तरी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. साग लावला तर नातू विकेल. पोनिकी लावून काय मिळणार?

मामांनी नऊ वर्षांपूर्वी बी आणलं. कवच दगडावर घासून बघितलं, शेणात ठेवून बघितलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवून बघितलं. शंभराच्या वर बियांतून अकरा झाडं उभी राहिली आहेत. दोन हिवाळ्यांत मामींनी त्या रोपांना आडोशाला जुन्या लुगड्याचं कापड बांधलं होतं. आता सगळ्यांत उंच झाड छपराच्या वर गेलंय.

खेळणी करणारा एक म्हातारा कारागीर दर हिवाळ्यात मामांकडे येतो. चिंचोके न्यायला येतो, कारण खेळण्याचे सांधे भरायची खळ चिंचोक्यांची आणि लाकडाच्या भुशाची करतात. एका बाजूला पोतं भरत असतो आणि नजर पोनिकीवर असते. मागच्या वेळी मी तिथे होतो. तो उठला, सगळ्यांत मोठ्या झाडाजवळ गेला, खोडावर तळहात ठेवला, मग अंगठ्याचं नख सालीत किंचित रुतवून बघितलं. बराच वेळ काही बोलला नाही.

"अजून नाही," तो म्हणाला.

मामा चिंचोके निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "असू दे. मी कुठं चाललोय?"

कारागिरानं पोतं बांधलं, सायकलच्या कॅरिअरला आवळलं, आणि वेंचरच्या कमानीखालून मुरमाच्या रस्त्यानं निघून गेला. त्या दिवशी दुपारी मामांनी उरलेल्या बियांतल्या सात बिया पुन्हा कोमट पाण्यात टाकल्या.